सुटती टीप

“सतरा, ऑफिसमध्ये बोलावलंय तुला. तुझा पट्टा फाटून आलाय,” पॅकिंगवाली माझ्या कानाशी ओरडली तेव्हा सुई पट्टीत अर्धी रुतलेली होती. आमच्या हॉलमध्ये ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही. वीस मशीनं एकदम चालतात आणि गोड बातमीसुद्धा इथे भांडल्यासारखीच सांगावी लागते. मी पायदानावरून पाय काढला. मशीन थांबलं. हात मात्र थांबले नाहीत, ते आपले पट्टी पुढे सरकवत राहिले आणि ताण बसून सुई कट्कन मोडली. चौदा वर्षांत माझ्या हातून चार-पाच सुया मोडल्या असतील. मोडकी सुई मी डबीत टाकली, कारण मोडकी सुई डबीत टाकायची असते, आणि मग विचारलं, “कुठे फाटलाय?” ती म्हणाली, “मला काय माहीत! एक माणूस आलाय, पिशवीत घालून घेऊन आलाय. फाटलाय एवढं दिसलं. शिवणारीचा नंबर सतरा, म्हणजे तुझाच.” मी विचारलं, “माणूस कोण?” “माणूस म्हणजे माणूस. रडत नव्हता. पण हसतही नव्हता.” एवढं सांगून ती आपल्या खोक्यांकडे गेली. तिचं बरं असतं. खोक्यावर चिकटपट्टी लावली की तिचा त्या वस्तूशी संबंध संपतो.

कुठे फाटलाय, हा एकच प्रश्न होता. बाहेरच्या कुणाला तो कळायचा नाही. बाहेरच्याला वाटतं, पट्टा फाटला म्हणजे माणूस गेला. आम्ही शिवतो ते पट्टे उंचावर काम करणाऱ्यांचे, म्हणजे गवंडी, रंगारी, काचा बसवणारे, परांची बांधणारे यांचे. खांद्यांवरून आणि मांड्यांखालून पट्ट्या, पाठीवर एक कडी, कडीला दोर, दोराला आकडा. तो आकडा इमारतीत कुठेतरी भक्कम जागी अडकवायचा. या सगळ्यावर लाल दोऱ्याची टीप असते. तिला आम्ही पक्की म्हणतो. पक्की कधीही सुटता कामा नये. पण दोर आणि कडी यांच्यामध्ये तळहाताएवढी एक पुडी असते. तिच्यात दोन हात लांबीची पट्टी घड्या घालून बसवलेली असते आणि त्या घड्यांवर पांढऱ्या दोऱ्याच्या चार ओळी मारलेल्या असतात. ही सुटती टीप. माणूस पडला की दोराला हिसका बसतो, मग ही टीप टाक्यामागून टाका सुटत जाते, घड्या उलगडतात, हिसका त्या टाक्यांत जिरतो आणि माणूस त्यातल्या त्यात अलगद थांबतो. पक्की सुटली तर माणूस खाली जातो. सुटती सुटलीच नाही तर माणूस वरच राहतो, लटकत, पण त्याच्या कण्याचं काही खरं नसतं. म्हणजे आम्ही बायका दिवसभर दोन शिवणी घालतो, एक कधीच न उसवण्यासाठी आणि एक वेळेवर उसवण्यासाठी. हे मला कळायला दहा वर्षं लागली.

मी उठले. माझ्या मशीनपासून ऑफिस पन्नास-साठ पावलांवर, मध्ये मशीनच्या दोन रांगा, मग दोऱ्यांची खोली, मग मागचं अंगण, मग जिना. बायका मान वर न करता बघत होत्या. ही कला शिवणाऱ्या बायकांनाच जमते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. यांना सगळ्यांना ठाऊक आहे, बेचाळिसावा पट्टा सापडला. बेचाळिसावा, बेचाळिसावा, असा माझ्या पावलांना ताल लागला होता. आणि तेवढ्यात, काय मन असतं बघा, मला आईचे हात आठवले. आई शाळेचे गणवेश शिवायची. खिडकीला टेकून तिचं मशीन, मशीनला टेकून आम्ही दोघं भावंडं. तिच्या शिवणीची ख्याती अशी की कापड फाटेल पण शिवण उसवणार नाही. प्रत्येक शिवणीच्या शेवटी ती दोन टाके मागे घ्यायची आणि दोन पुढे. “आपल्याकडून दोन टाके जास्त,” म्हणायची, “घालणाऱ्याला कळत नाही, पण त्याच्या उपयोगी पडतात.” एकदा एका पोराची चड्डी शाळेच्या भर पटांगणात उसवली तर ती त्याच्या घरी जाऊन माफी मागून आली आणि दोन दिवस धड जेवली नाही. उसवणं म्हणजे आमच्या घरात चोरीइतकंच वाईट होतं. ती गेल्यावर मला तिचं मशीन मिळालं आणि ते दोन जास्तीचे टाके मिळाले. मशीन पुढे मोडीत निघालं, टाके राहिले.

धाकटा भाऊ परांची बांधायला लागला तेव्हा आई नव्हती, हे एका परीने बरंच झालं. लहानपणी तो गच्चीच्या कठड्यावरून चालायचा आणि आई खालून हाक न मारता डोळे मिटून उभी राहायची, कारण हाक मारली तर तो वळून बघेल. त्याला जमिनीवर काम मिळालं नसतं असं नाही, त्याला जमीनच आवडत नाही. आता दहा-दहा मजले उंच, पाइपांना पाइप जोडत, फळ्या टाकत, दुसऱ्यांनी उभं राहावं म्हणून आधी स्वतः अधांतरी उभा राहतो. घरी आला की मला चिडवतो. “ताई, तू शिवलेला पट्टा घातला की आळस येतो बघ. पडावंसंच वाटत नाही.” मी त्याच्या पाठीत धपाटा घालते. पण चार वर्षांपूर्वी एका सकाळी पेटीवरची चिठ्ठी वाचली आणि त्यावर त्याच्याच साइटचा पत्ता दिसला. बेचाळीस पट्टे होते, शिवाय तपासणीचे दोन, आणि त्यांच्या पुड्या माझ्याकडे होत्या. मला वाटलं, आपल्याच माणसाकडे जातंय, तर आपल्याकडून काही जास्त जाऊ दे. कुठला कुणाच्या अंगावर जाणार ते ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांवर. चारऐवजी पाच ओळी. पाचवी ओळ अशी सरळ, अशी देखणी आली होती की मी स्वतःशी गुणगुणत होते. हे मला अजून आठवतं, आणि लाज वाटते ती चुकीची नाही, त्या गुणगुणण्याची वाटते.

दोऱ्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी तिकडे बघितलं नाही. अंगणात आले तर ऊन होतं आणि मामा लटकत होता. मामा म्हणजे वाळूचा माणूस. जाड कापडाचं धड, आत माणसाच्या वजनाची वाळू, अंगात कुणाचा तरी जुना शर्ट, आणि शर्टाच्या खिशात एक कंगवा, जो कुणी ठेवला ते कुणी कबूल करत नाही. प्रत्येक खेपेतले दोन पट्टे मामाला घालतात आणि त्याला वरच्या लोखंडी तुळईवरून खाली सोडतात. पुडी उलगडते, मामा डुलत थांबतो. हे काम तेव्हा तपासणीच्या बाईंकडे होतं. हातात कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगबाई म्हणायचो. तोंडावर नुसतं बाई. त्या टाके असे मोजायच्या जसे काही ते त्यांनी आम्हाला उसने दिलेत. आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. आत मशीनवर बसून आम्हाला मामाचा नुसता आवाज यायचा, धप्प, आणि दोराची करकर. त्या दिवशी आवाज आला तो ठक् असा. एकच. मग बाई आत आल्या, त्यांच्या चपलांना वाळू लागलेली होती. माझ्यासमोर पुडी धरली, वर भिंग धरलं आणि मोजलं. “एक, दोन, तीन, चार.” थांबल्या. “पाच. हे काय आहे?” आणि मी, देवा, मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हटलं, “एक जास्तीची मारली बाई. मजबूत व्हावी म्हणून.”

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला अंगणात आणलं. रागावून नाही, आंधळ्याला रस्ता ओलांडून न्यावं तसं. मामा वरच होता. पट्टा शाबूत, दोर शाबूत, पुडी जशीच्या तशी. मामा मात्र कमरेतून फाटला होता आणि वाळू अजून गळत होती, बारीक धार धरून, आवाज न करता. बाई म्हणाल्या, “पडलेल्या माणसाला धरून ठेवायचं नसतं गं नुसतं. त्याचं पडणं थोडं थोडं करून संपवायचं असतं. तुझी ही पाचवी ओळ पुडीला ते करू देत नाही.” अति तिथे माती, हे मी शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवलं असेल. “पेटी कुठाय?” बाईंनी विचारलं. घाईची ऑर्डर म्हणून पेटी सकाळीच, तपासणीच्या आधीच, निघून गेली होती. “किती?” “बेचाळीस. सगळ्या.” आणि मग माझ्या तोंडून निघालं, “माझा भाऊ आहे तिथे.” बाईंनी भिंग पदराने पुसलं. ते स्वच्छच होतं.

टेम्पोत बाई पुढे आणि मी मागे, नव्या पट्ट्यांच्या ढिगावर. साइटवर बाईंनी मुकादमाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण भोंगा वाजला आणि माणसं उतरायला लागली, मजल्यामजल्यावरून, शिड्यांवरून, चिडलेली, हातात थाप्या, कानाला पेन्सिली. आम्ही एकेकाच्या अंगावरून पट्टे उतरवून घेतले. धाकटा सगळ्यात वरून, सगळ्यात शेवटी आला. “ताई, तू इथे? डबा विसरलो का मी?” मी त्याच्या छातीवरचं बक्कल सोडवू लागले आणि ते उलट्याच बाजूने ओढत राहिले. तो म्हणाला, “अगं, गुदगुल्या होतायत, काय चाललंय?” पट्टा निघाला तेव्हा मी त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरून उभी राहिले आणि तो चारचौघांत संकोचून “बरं बरं” म्हणत राहिला. एकेचाळीस मिळाले. बेचाळिसावा एका गवंड्याच्या अंगावर होता आणि त्या गवंड्याच्या टोळीला दुपारीच दुसऱ्या कामावर हलवलं होतं. कुठे, ते मुकादमाला नक्की ठाऊक नव्हतं. ठेकेदार म्हणाला, पाठवतो. त्याने पाठवला नाही. बाईंनी पत्रं लिहिली, फोन केले. ठेकेदाराचं कामच बंद पडलं, टोळी पांगली. आमच्या साहेबांनी मला काढायचं ठरवलं होतं. बाई त्यांना म्हणाल्या, आणि दार उघडं असल्याने हे मी स्वतः ऐकलं, “हिला टीप कशी मारायची ते मी शिकवलं. का मारायची ते सांगितलं नाही. चूक माझ्या नावावर लिहा.” तेव्हापासून आमच्याकडे नवी बाई आली की तिला आधी मशीनवर बसवत नाहीत. आधी अंगणात नेऊन मामाचं पडणं दाखवतात, दोन्ही तऱ्हेचं. काही जणी रडतात. रडलेल्या चांगलं शिवतात.

बेचाळिसावा माझ्याबरोबर राहायला आला. मी रस्त्याने वर बघत चालू लागले. जिथे परांची दिसेल तिथे थांबायचं, बारीक नजरेने वरच्या माणसांच्या पाठी बघायच्या, पुडी दिसते का, ओळी मोजता येतात का. पाचव्या मजल्यावरच्या टाक्यांची ओळ रस्त्यावरून मोजणारी मी! माझी मान दुखायला लागली, लोकांना धक्के लागायला लागले. धाकटा म्हणायचा, “ताई, तू खाली बघून चाल. वर बघायला मी आहे.” पण या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की मला दिवस दिसायला लागले. पूर्वी दिवस नुसते जायचे. आता संध्याकाळी धाकट्याच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की मला वाटायचं, आज तो आला. पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यातली बारीक बातमी शोधायची आणि ती नसली की वाटायचं, आज कुणी पडलं नाही. जे घडलं नाही त्याबद्दल आभार मानायचे तर कुणाचे? मी बसच्या दांड्याचे मानले, खिडकीतल्या उन्हाचे मानले, समोरच्या भाजीवाल्याचेही एकदा मानले आणि तो बिचारा गोंधळून दोन मिरच्या जास्त टाकून गेला. खरे ज्यांचे मानायला हवे होते त्यांच्याकडे मात्र मला वर मान करून बघवत नव्हतं. बाई माझ्या मशीनशेजारून गेल्या की माझी मान खाली. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी सगळ्या जणी त्यांना भेटल्या, मी मशीनला तेल घालत राहिले. चार वेळा तेल घातलं. दोन दिवस ते मशीन तेल ओकत होतं.

जिना चढून वर आले तर ऑफिसचं दार लोटलेलं होतं. साहेब फोनवर होते, त्यांनी काचेतून हात केला, बसा. मी बाकावर बसले. काच धुरकट होती. साहेबांसमोर एक पाठ दिसत होती, रुंद, जरा वाकलेली, आणि मांडीवर पिशवी. ही पाठ कुणाची असेल? पडलेल्याच्या भावाची असेल. बापाची असेल. पाठीवरून काही कळत नाही, मी चार वर्षं पाठीच बघतेय. हातांना काम नव्हतं म्हणून मी ओढणीच्या टोकाचे दोरे मोजू लागले. आणि मग मला गेल्या वर्षीची ती दुपार आठवली, जी मी आठवू देत नव्हते. त्या दुपारी पॅकिंगवाली ओरडत आली होती, “सतरा, भिंगबाई आल्यात! तुला विचारतायत!” मी उठले आणि सरळ दोऱ्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत लाल रिळं आणि पांढरी रिळं, छतापर्यंत. मला वाटलं, बाईंना कळलंय. बेचाळिसावा कुठे आणि कसा मिळाला ते सांगायला आल्यात. मी रिळांवर कपाळ टेकून उभी राहिले. बाहेर बाईंचा आवाज येत होता, शांत. बराच वेळ थांबल्या. मग पॅकिंगवाली म्हणाली, “गेल्या त्या. काय सांगायचंय ते मला सांगा म्हटलं, तर म्हणे, नाही, तिलाच सांगायचंय.” त्यानंतर वर्षभर मी फोनमधल्या त्यांच्या नंबरावर बोट ठेवायचे आणि काढायचे. न विचारलेली गोष्ट घडलेली नसते, अशी काहीतरी समजूत करून घेतली होती मी. चाळिशी उलटलेली बाई, पण काय अक्कल!

“या बाई,” साहेबांनी दार उघडलं. “हेच ते.” पाठ वळली. पन्नाशीचा माणूस, केसांत चुन्याची भुकटी, ती त्याच्या केसांतून आता कधी निघायची नाही. एक हात गळ्यात बांधलेला, गालावर खरचटल्याची खपली. जिवंत होता. मी आधी एवढंच पाहिलं. “तुम्ही सतरा?” त्याने विचारलं आणि उठून उभा राहिला. माझ्यासाठी आजवर कुणी उठून उभं राहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, “पट्टा दाखवा.” नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याने पिशवीतून पट्टा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला, कागदांवर, चहाच्या कपाशेजारी. मी आधी लाल दोरा पाहिला. खांदे, मांड्या, कडी. सगळी पक्की जिथल्या तिथे. मग पुडी हातात घेतली. पुडी नव्हतीच; लांब, मोकळी, दोन हात पट्टी होती, आणि तिच्या दोन्ही कडांना पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे उभे राहिले होते, तुटलेले, सारख्या अंतरावर. मी बोट फिरवत मोजत गेले. चार ओळी. शेवटच्या टाक्यापर्यंत. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी मटकन साहेबांच्या खुर्चीत बसले. ते बिचारे उभेच राहिले.

“सहाव्या मजल्यावर बाहेरून गिलावा करत होतो,” गवंडी सांगू लागला. “फळी सरकली. कळलंच नाही काही, नुसतं पोटात रिकामं झालं. मग पाठीत कुणीतरी धरल्यासारखं वाटलं. धरलं, पण सोडत सोडत धरलं, असं. मग मी लटकतोय, आणि थापी खाली जाऊन पडल्याचा आवाज नंतर आला. हात भिंतीला आपटला तेवढाच. दहा मिनिटांत ओढून घेतलं मला. डॉक्टर म्हणाले, कणा एकदम ठीक. मग बायको म्हणाली, नुसते बसून काय राहता, ज्यांनी शिवलाय त्यांना भेटून या.” तो जरा हसला. “खरं सांगू का ताई, मला आकडा लावायचा कंटाळा. वीस वर्षं मी आकडा आपल्याच कमरेच्या पट्ट्यात अडकवून हिंडलो. खालून साहेबाला वाटतं, लावलाय. पण त्या आजीने माझी ती सवय मोडली.”

“कुठली आजी?” मी विचारलं.

“जाड चष्मा, हातात भिंग. गेल्या वर्षी साइटवर आली. गवंड्यांचे पट्टे बघायचेत म्हणाली. म्हणे, तीन वर्षं हिंडतेय, हे कितवं काम ते मोजायचं सोडून दिलंय. एकेकाचा पट्टा उलटा करून भिंगातून बघायची. माझा बघितला आणि म्हणाली, हाच. हा मला दे. मी कशाला देतोय! जुना असला तरी चांगला होता. आजी सिमेंटच्या गोणीवर बसली. म्हणाली, मी बसते, मला घाई नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसली, उन्हात. मग मी दिला. तिने पिशवीतून हा नवा काढून दिला. मी नंबर बघितला, म्हटलं, आजी, हाही सतराच की! तर म्हणाली, हो, म्हणूनच आणलाय. ती बाई एकदा चुकली आहे आणि का चुकली ते तिला कळलंय. तिच्याइतकं जपून कुणी शिवणार नाही.” गवंड्याने गळ्यातला हात सावरला. “आणि जाताना आकडा हातात धरून म्हणाली, हा स्वतःच्याच कमरेला अडकवणार असशील तर पट्टा परत दे, दागिने मी वाटत नाही. तेव्हापासून लावतो. हसतात पोरं मला, आजीचा नातू म्हणतात.”

खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद पट्ट्याच्या वजनाखाली फडफडत होते. तीन वर्षं. तीन वर्षं या माणसाने माझी पाचवी ओळ पाठीवर घेऊन भिंती गुळगुळीत केल्या, आणि त्या तीन वर्षांत एकदाही त्याची फळी सरकली नाही. आणि तीच तीन वर्षं बाई गुडघ्यांवर हात ठेवत शिड्या चढल्या, निवृत्त झाल्यावरही चढल्या, आणि आम्ही इथे त्यांच्या नावाने अजून बोटं मोडत होतो. त्यांनी बेचाळिसावा शोधून काढला, माझ्या दारापर्यंत ती बातमी घेऊन आल्या, आणि मी रिळांमध्ये तोंड खुपसून उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक वर्षभर मी ज्याला घाबरत होते त्याचे आभारच मानायचे होते. मला रडू आलं, हसूही आलं. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे एकदा पडलेला पट्टा कापून टाकावा लागतो. गवंडी म्हणाला, कापा, पण ही उलगडलेली पट्टी तेवढी मला द्या, घरी दाखवायची आहे. साहेब नियम आठवू लागले. मी टेबलावरची कात्री उचलली, पट्टी कापली आणि गवंड्याच्या हातात दिली. नियम त्यांना नंतर सापडेल.

दाराशी गवंडी थांबला. म्हणाला, “ताई, तुमच्या हाताला...” आणि तिथेच अडकला. मी म्हटलं, “माझ्या हाताला काही म्हणू नका. आकडा लावत जा.” तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली, एकेक पायरी, दोन्ही पाय. मी ती शेवटपर्यंत ऐकली.

मग अंगणात आले. मामा उन्हात होता. मी फोन काढला आणि ‘भिंग’ या नावावर बोट ठेवलं, आणि या वेळी काढलं नाही. बराच वेळ वाजत राहिला. मनात वाक्यं जुळवत होते, बाई, तुमचे उपकार, बाई, मला माफ करा, बाई, चार वर्षं. फोन उचलला.

“कोण?”

“सतरा, बाई.”

पलीकडे कशाचा तरी आवाज चालू होता, तो बंद झाला. “आलीस का बाहेर? गेल्या वर्षी दोऱ्यांच्या खोलीत दडली होतीस ना? दाराखालून चपला दिसत होत्या तुझ्या.”

“हो, बाई.”

“सांगायला आले होते, बेचाळिसावा मिळाला म्हणून. म्हटलं, स्वतः बाहेर येईल तेव्हा सांगू. मग म्हटलं, आता फोन करेल तेव्हा. बोल.”

“बाई, तुमचा तो गवंडी पडला. सहाव्या मजल्यावरून.”

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांचं भिंग कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा बारीक आवाज. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, मी आत मशीनवर असते तर मला ऐकूच आलं नसतं इतक्या हळू.

“कुठली सुटली?”

माझी जुळवलेली सगळी वाक्यं गेली.

“सुटायची तीच, बाई,” मी म्हटलं. “चारही ओळी. एक टाकासुद्धा जास्त नव्हता.”